शोकांतिकेचा नायक नेमका कुठे चुकतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला आम्ही काही जण एकत्र बसून नाटकं मोठ्याने वाचतो. कॉलेजची मुलं येतात, राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारे हौशी कलाकार येतात, 'नटसम्राट'ची स्वगतं तोंडपाठ असलेले निवृत्त लोकही येतात. नाटक ग्रीक असो, शेक्सपिअरचं असो की गडकऱ्यांचं, वाचन संपलं की वाद एकाच जागी येऊन अडतो: एवढा मोठा माणूस, आणि त्याला एवढं साधं कळू नये? त्या वादात पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं माझी आहेत. गटातल्या सगळ्यांना ती मान्य आहेत असं नाही.

नायक पडतो तो नशिबाने की स्वतःच्या चुकीने?

चुकीने. निदान ज्या नाटकांना आपण शोकांतिका म्हणून शंभरदा वाचतो, त्यांत तरी. नशीब, शाप, भविष्यवाणी, चेटकिणी हे सगळं अवतीभवती असतं, पण शेवटचं पाऊल नायक स्वतः उचलतो.

ॲरिस्टॉटलने याची मांडणी इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात केली. त्याचं म्हणणं असं की अगदी निष्कलंक माणूस रसातळाला गेला तर आपल्याला फक्त चीड येते, आणि दुष्ट माणूस बुडाला तर हळहळ वाटत नाही. हळहळ आणि भीती दोन्ही वाटायची असतील तर नायक या दोहोंच्या मधला हवा, नावलौकिकाचा हवा, आणि तो पडायला हवा एखाद्या गफलतीमुळे. एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. 'इडिपस' आणि 'अँटिगनी' लिहिणारा सोफोक्लिस इसवी सनापूर्वी 406 मध्ये वारला आणि ॲरिस्टॉटल जन्मला 384 मध्ये. म्हणजे नाटकं आधी आली, नियम मागून. त्यामुळे एखादं नाटक नियमात बसत नसेल तर नाटकाला दोष देऊ नये.

गफलत म्हणजे स्वभावदोषच ना? आमच्या गाइडमध्ये 'ऑथेल्लोचा मत्सर, मॅकबेथची महत्त्वाकांक्षा, लिअरचा अहंकार' असं दिलंय.

गाइडमधली ही यादी मुलांचं फार नुकसान करते. एकेका नायकाला एकेक शब्द चिकटवला की नाटक वाचायची गरजच उरत नाही. मत्सरी माणसं गल्लोगल्ली आहेत. त्यांची नाटकं होत नाहीत.

शिवाय ज्याला आपण दोष म्हणतो तोच गुण दुसऱ्या जागी त्या माणसाला मोठं करून गेलेला असतो. ऑथेल्लो पहिल्या अंकात कसा आहे ते पाहा. रात्रीच्या वेळी सासरा हत्यारबंद माणसं घेऊन चालून येतो, दोन्ही बाजूंच्या तलवारी उपसल्या जातात, आणि ऑथेल्लो आवाज न चढवता त्या म्यान करायला लावतो. क्षणात परिस्थिती जोखायची, क्षणात निर्णय घ्यायचा, घेतला की मागे फिरायचं नाही. रणांगणावर या सवयीने त्याला सेनापती केलं. तीच सवय तो घरात वापरतो, जिथे थांबून चार प्रश्न विचारायची गरज होती. म्हणून मी म्हणतो, स्वभावाला शब्द चिकटवू नका. निर्णय कुठे झाला ते शोधा.

मग तो निर्णय नाटकात शोधायचा कसा?

माझी एक साधी पद्धत आहे. नाटकात असा प्रवेश शोधायचा, जिथे कोणीतरी नायकाला तोंडावर खरं सांगतं आणि नायक त्याला उडवून लावतो. जवळजवळ प्रत्येक मोठ्या शोकांतिकेत हा प्रवेश सापडतो. लिअरला त्याचा सरदार केंट सांगतो की राजा, तू चुकतो आहेस. लिअर त्याला राज्याबाहेर काढतो, तयारीला पाच दिवस देतो. 'अँटिगनी'त राजा क्रेऑनने बंदी मोडून भावाला मूठमाती देणाऱ्या अँटिगनीला मरणाची शिक्षा दिली आहे; त्याला त्याचा मुलगा हेमॉन सांगतो की सारं गाव त्या मुलीसाठी हळहळतंय. इडिपसला आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस सांगतो. मॅकबेथला त्याचा साथीदार बँको चेटकिणींबद्दल सांगतो की काळोखाच्या या शक्ती छोट्या छोट्या गोष्टींत खरं बोलून माणसाला मोठ्या गोष्टीत बुडवतात.

आणि आपण नाशिककरांनी हे ग्रीसमधूनच का शिकावं? पंचवटीची कथा आठवा. सोन्याचं हरीण व्हायला सांगितल्यावर मारीच रावणाला आधी परोपरीने समजावतो की रामाच्या वाटेला जाऊ नकोस. रावण त्याला जिवे मारायची धमकी देतो. पुढे बिभीषण तेच सांगतो, त्यालाही लाथाडलं जातं.

यातली मेख अशी की खरं सांगणाऱ्याच्या अंगावर संशय घ्यायला काहीतरी जागा नेहमी असते. हेमॉन त्या मुलीचा वाग्दत्त वर आहे, म्हणून क्रेऑन त्याला बाईचा गुलाम म्हणून झटकू शकतो. टायरेसियसवर तर इडिपस आणि क्रेऑन दोघंही, दोन वेगळ्या नाटकांत, पैसे खाल्ल्याचा आरोप करतात. केंट फटकळ आहे. ऑथेल्लोच्या बायकोची, डेस्डिमोनाची, बाजू घेणारी एमिलिया दासी आहे, शिवाय कपटी इयागोची बायको. नाटककार मुद्दाम तसं करतो. खरं सांगणारा जर तेजोवलय लावून आला असता तर त्याला नाकारणारा नायक निव्वळ मूर्ख ठरला असता. प्रेक्षागृहात बसलेल्या आपल्याला तो मूर्ख वाटत नाही, कारण आपणही सल्ला ऐकण्याआधी सल्ला देणाऱ्याचा हेतू तपासतो.

'नटसम्राट'मध्ये अप्पा बेलवलकर चुकले कुठे? मुलांवर विश्वास ठेवणं हा काय गुन्हा आहे?

हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यात जास्त येतो, आणि विचारताना आवाज जड होतो. हे नाटक लिहिणारे शिरवाडकर नाशिकचे, तिलकवाडीतल्या त्यांच्या घरी जाऊन आलेले लोक अजून भेटतात, त्यामुळे हे नाटक इथे घरातलं मानलं जातं. 1970 साली डॉ. श्रीराम लागूंनी ते पहिल्यांदा उभं केलं आणि 1974 मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

विश्वास हा गुन्हा नाही. पण नाटक काय दाखवतं ते पाहू. निवृत्त झालेला मोठा नट आपलं सगळं मुलाला आणि मुलीला वाटून टाकतो, स्वतःजवळ काही ठेवत नाही. मराठीत यासाठी फार जुनी म्हण आहे: समोरचं ताट द्यावं, पण बसायचा पाट देऊ नये. अप्पांची बायको कावेरी हिला हे शहाणपण आहे. अप्पांना ती जपून वागायला सांगते, पण ती पडली घरातली बाई, व्यवहाराचं बोलणारी, आणि अप्पा त्या दिवशी दातृत्वाच्या भरात आहेत.

माझ्या मते त्यांची चूक पैसा देण्यात कमी आणि तो देतानाच्या समजुतीत जास्त आहे. रंगमंचावर राजे-महाराजे जगलेल्या या माणसाला वाटतं की प्रेक्षक जसा आपल्या येण्याची वाट पाहत असे, तसं घरही पाहील. थिएटरात त्याचा मोठा आवाज, ऐसपैस वावर, रोखठोक बोलणं यावर टाळ्या पडल्या. मुलाच्या आटोपशीर संसारात त्याच गोष्टींवरून सुनेशी खटके उडतात. पुढे मुलीच्या घरी तर चोरीचा संशय येतो. माणूस तोच, गुण तेच. जागा बदलली हे त्याला उमगलं नाही. ऑथेल्लोबद्दल वर म्हटलं तेच इथे पुन्हा दिसतं, फक्त तलवारीऐवजी स्वयंपाकघर आहे.

लिअरशी तुलना सगळे करतात, आणि करावीच. पण फरकही पाहा. लिअर राज्य देतो आणि राजाचा मान मात्र ठेवून घेतो, वर शंभर सरदारांचा लवाजमा. शिवाय तो देण्याआधी मुलींची परीक्षा घेतो: माझ्यावर जास्त प्रेम कोणाचं, बोला. अप्पा कोणाचीही परीक्षा घेत नाहीत. त्यामुळे लिअरच्या पहिल्या प्रवेशात आपल्याला राग येतो आणि अप्पांच्या पहिल्या प्रवेशात पोटात गोळा येतो. शिरवाडकरांनी राजाची हट्टी चूक काढून तिथे बापाची भाबडी चूक ठेवली, आणि मराठी प्रेक्षक तिथेच हलला.

लिअरला आपली चूक कधी कळते?

लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप उशिरा. दुसऱ्या अंकातला घासाघिशीचा प्रवेश नीट वाचा. थोरली गॉनेरिल शंभरातले पन्नास सरदार कमी करते. तो संतापून रीगनकडे जातो. रीगन म्हणते, मी तर पंचवीसच ठेवू देईन. त्यावर लिअर काय करतो? तो वळून गॉनेरिलला म्हणतो, चल, मी तुझ्याकडेच येतो. तुझे पन्नास हे हिच्या पंचवीसच्या दुप्पट, म्हणजे तुझं प्रेमही हिच्या दुप्पट.

मुली आपल्याला हाकलताहेत हे डोळ्यांसमोर दिसत असताना तो अजून प्रेमाची मोजदादच करतो आहे. पहिल्या प्रवेशात शब्दांनी मोजलं, इथे माणसांनी. लगेच दोघी मिळून पंचवीसवरून दहा, पाच आणि शेवटी एक तरी कशाला हवा, इथवर येतात. शेक्सपिअरने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं असेल तर या हिशेबाने. वादळाचा प्रवेश गाजतो, पण माणूस मोडतो तो या आधीच्या पानांत.

इयागो नसता तर ऑथेल्लो सुखात राहिला असता. मग चूक इयागोचीच नाही का?

ऑथेल्लोच्या हाताखालचा इयागो त्याच्या मनात बायकोबद्दल संशय पेरतो. ते पाप इयागोचं आहे. चूक ऑथेल्लोची आहे. दोन्ही एका वेळी खरं असू शकतं.

तिसऱ्या अंकातला रुमाल पाहा. ऑथेल्लोचं डोकं दुखतंय असं समजून डेस्डिमोना आपला रुमाल त्याच्या कपाळाला बांधू पाहते. हा तोच रुमाल, जो त्याने तिला प्रेमाची पहिली भेट म्हणून दिला होता. तो म्हणतो, तुझा रुमाल लहान पडतो, आणि तो बाजूला सारतो. रुमाल खाली पडतो. दोघंही तो न उचलता आत जातात. एमिलिया तो उचलते, इयागोला देते, आणि तोच रुमाल पुढे डेस्डिमोनाच्या बदफैलीचा पुरावा ठरतो.

म्हणजे ज्या पुराव्यावर तो बायकोचा जीव घेतो, तो पुरावा त्याच्याच हाताने जमिनीवर पडलेला आहे. हे त्याला आठवतही नाही. आठवलं असतं तर एक साधा प्रश्न पुरेसा होता: रुमाल इथे पडला होता, मग कोणी उचलला?

तो चौकशी करतो, नाही असं नाही. चौथ्या अंकात तो एमिलियाला विचारतो आणि ती स्वतःचा जीव पणाला लावून सांगते की तुमची बायको निष्कलंक आहे. पण तोवर निकाल आधीच लागलेला असतो, आणि साक्ष नंतर घेतली जाते. निकालाला न जुळणारी साक्ष मग खोटी ठरवावी लागते. इयागोने विष दिलं हे खरं. साक्षीपुराव्याचा हा उलटा क्रम मात्र ऑथेल्लोचा स्वतःचा.

मराठीत हे नाटक देवलांनी 'झुंझारराव' म्हणून आणलं, पुढे शिरवाडकरांनीही 'ऑथेल्लो' केलं. ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांनी मराठीतून जरूर वाचावं.

ब्रूटस तर सज्जन आहे. सज्जन माणसाची चूक कशी दाखवायची?

माझा सगळ्यात आवडता नायक. 'ज्युलियस सीझर' हे नाव फसवं आहे. पडतो तो ब्रूटस.

सीझरला मारण्याच्या कटात तो सामील होतो. त्यात तो तीनदा चुकतो आणि तिन्ही वेळा कटातला साथीदार कॅशियस त्याला आधी सावध करतो. पहिल्यांदा, सीझरबरोबर त्याच्या जिवलग अँटनीलाही संपवावं असं कॅशियस म्हणतो. ब्रूटस नको म्हणतो: सीझरचं शिर उडाल्यावर त्याचा हात काय करणार? दुसऱ्यांदा, अँटनीला अंत्ययात्रेत बोलू देऊ नको, असं कॅशियस त्याला बाजूला घेऊन सांगतो. ब्रूटस परवानगी देतो, वर अटी घालतो की आमची निंदा करायची नाही, आमच्या परवानगीने बोलतोय असं सांगायचं. तिसऱ्यांदा, शत्रूला आपल्याकडे येऊ द्यावं, चालून चालून तो थकेल, असं कॅशियस सुचवतो. ब्रूटस फिलिपायला कूच करायचं ठरवतो.

दुसरी चूक रंगमंचावर कशी घडते ते तर पाहाच. ब्रूटस आपलं भाषण करतो, लोक त्याचा जयजयकार करतात, आणि तो गर्दीला विनंती करतो की तुम्ही थांबा, अँटनीचं ऐका. आणि स्वतः एकटा निघून जातो! गर्दी त्याच्यामागे यायला तयार असते, तो तिला थांबवून अँटनीच्या हवाली करतो. अँटनी बोलायला उभा राहतो तेव्हा त्याला उत्तर द्यायला समोर कोणीच नाही.

आपल्याकडे म्हणतात, आपल्यावरून जग ओळखावं. ब्रूटसने नेमकं तेच केलं. आपण अटी पाळतो म्हणून अँटनीही पाळेल, असं त्याने धरलं. अँटनी अट अक्षरशः पाळतो, एकही शिवी देत नाही, ब्रूटसला पुन्हा पुन्हा सन्माननीय म्हणतो, आणि गाव पेटवतो. ब्रूटसची नीतिमत्ता खरी आहे, माणसांची पारख कच्ची. आणि ज्याची पारख पक्की तो कॅशियस मनाने तेवढा स्वच्छ नाही, म्हणून त्याचं कोणी ऐकत नाही. या जोडीचं दुःख मला हॅम्लेटच्या दुःखापेक्षा जवळचं वाटतं.

मॅकबेथला तर सगळं आधीच कळत होतं. त्याला चूक म्हणायची की गुन्हा?

त्याच्यासाठी मराठीत तयार शब्द आहेत: कळतं पण वळत नाही. डंकन हा पाहुणा आहे, नातलग आहे, चांगला राजा आहे, आणि रक्तपाताचा धडा शिकवणाऱ्यावरच तो उलटतो, हे सगळं मॅकबेथ डंकनच्या खुनाआधी, पहिल्या अंकात, स्वतः बोलून दाखवतो. बायकोला सांगतो की हे इथेच थांबवू. ती त्याच्या मर्दपणावर बोट ठेवते आणि काही ओळींत तो फिरतो.

पण आकलनाची चूकही आहेच, ती पुढे. बिरनामचं जंगल चालत येईपर्यंत भय नाही आणि बाईच्या पोटी जन्मलेला कोणी तुला मारू शकणार नाही, ही चेटकिणींकडून मिळालेली दोन आश्वासनं तो कवच समजून अंगावर घालतो. बँकोचा जुना इशारा इथे खरा होतो. शिरवाडकरांनी 1954 मध्ये हे नाटक 'राजमुकुट' म्हणून मराठीत आणलं.

इडिपसने तर भविष्य टाळायचाच प्रयत्न केला. त्याचं काय चुकलं?

इथे मी नशिबाचं माप थोडं जास्त टाकतो. बाप मारण्याचं आणि आईशी लग्न करण्याचं भाकीत त्याच्या जन्माआधीपासून आहे; त्याच्या वाट्याला निवड कमी आली.

तरीही एक जागा आहे. कॉरिंथमध्ये एका दारुड्याने मेजवानीत त्याला हिणवलं की तू या बापाचा मुलगाच नाहीस. तो शंका घेऊन डेल्फीला गेला. देवाने मूळ प्रश्नाचं उत्तर दिलंच नाही, भयंकर भविष्य तेवढं सांगितलं. त्या धक्क्याने इडिपस शंका विसरला आणि कॉरिंथचा राजाच आपला बाप असं धरून तिथून पळाला. पुढे तीन रस्ते मिळतात तिथे, बापाच्या वयाच्या अनोळखी माणसाशी वाटेवरून भांडण झालं आणि त्याने त्याला ठार केलं. तोच त्याचा खरा बाप होता. ज्याला असं भविष्य सांगितलंय, त्याने कुठल्याही वयस्क माणसावर हात उगारताना दहादा विचार करायला हवा होता.

मात्र हे सगळं पडदा उघडण्याआधीचं आहे. नाटकात तो करतो ती फक्त आधीच्या राजाच्या खुनाची चौकशी, आणि ती प्रामाणिक आहे. त्याची बायको जोकास्टा विनवते की आता पुरे, पुढे विचारू नकोस. तो विचारतो. चिडून टायरेसियस आणि क्रेऑनवर कटाचा आरोप करणं हे त्याचं घाईचं; पण सत्य नको असं तो एकदाही म्हणत नाही. म्हणून बाकी नायकांपेक्षा त्याच्याविषयी मला आदर जास्त वाटतो.

हॅम्लेट फार विचार करतो, हीच त्याची चूक ना?

अर्धंच खरं. हॅम्लेटच्या बापाचा खून करणारा काका क्लॉडियस प्रार्थना करत असताना हॅम्लेट मागे उभा असतो, तलवार उपसलेली असते, पण प्रार्थनेत मारलं तर हा स्वर्गात जाईल म्हणून सोडून देतो. तो गेल्यावर क्लॉडियस उठतो आणि सांगतो की शब्द वर गेले, मन इथेच राहिलं. प्रार्थना झालीच नव्हती! पुढच्याच प्रवेशात हा विचारी माणूस पडद्याआड कोण आहे हे न पाहता तलवार खुपसतो, आणि मरतो भलताच, दरबारी पोलोनियस. थांबायचं तिथे धावला, धावायचं तिथे थांबला. मराठीतला 'हॅम्लेट', आगरकरांचं 'विकारविलसित', 1883 चं आहे. जुनी मराठी पचत असेल तर वाचा.

आपल्या परंपरेत शोकांतिका होती का, की सगळं इंग्रजांकडून आलं?

संस्कृत नाटकं शेवट गोड करतात, हे ढोबळमानाने बरोबर. पण भासाच्या 'ऊरुभंग'मध्ये मांड्या मोडलेला दुर्योधन रंगमंचावर मरतो, आणि मरताना मुलाला पांडवांशी नीट वागायला सांगतो. मराठी शोकांतिकेचा साचा मात्र शेक्सपिअर वाचूनच घडला, यात कमीपणा वाटून घेण्याचं कारण नाही.

'एकच प्याला' हे दारूबंदीचं नाटक नाही का?

तसं त्याला वागवलं जातं, आणि मला ते खुपतं. सुधाकर हुशार वकील आहे. कोर्टात अपमान होतो, खटका उडतो, त्याची सनद काही काळ रद्द होते. स्वाभिमानी माणसाला हे सहन होत नाही. नेमक्या त्या वेळी तळीराम पेला पुढे करतो. सुधाकरची गफलत दारू पिण्याच्या आधीची आहे: काही दिवसांची मानहानी आपण सोसू शकणार नाही, असं तो मानतो, आणि एका पेल्यावर आपला ताबा राहील, असंही मानतो. स्वतःला एकीकडे फार दुबळा आणि दुसरीकडे फार बळकट समजणं, हे एकाच माणसात एकाच संध्याकाळी घडतं. दारूच्या जागी दुसरं काहीही ठेवा, हा हिशेब तसाच चुकेल.

हे नाटक लिहिणारे गडकरी जानेवारी 1919 मध्ये गेले. गंधर्व नाटक मंडळीचा पहिला प्रयोग त्यानंतर महिन्याभराने बडोद्याला झाला. सुधाकरची बायको सिंधू बालगंधर्वांनी केली, तिच्यावर लोक रडले. सुधाकरवर रडायला शिकायला आपल्याला वेळ लागला.

इतिहासातली माणसं शोकांतिकेचे नायक होऊ शकतात का?

हो. आपल्या गंगापूर रोडवरची आनंदवली हे नाव आनंदीबाईंवरून पडलं. राघोबादादांनी तिथे वाडा बांधला होता. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पत्रातल्या 'ध'चा 'मा' झाला ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ती परंपरेने चालत आलेली कथा म्हणूनच घ्यावी. खाडिलकरांनी यावर 'भाऊबंदकी' लिहिलं. मला त्या साऱ्यात नाटक दिसतं ते पुतण्याला 'धरावे' म्हणण्यात. अक्षर कोणी बदललं हा प्रश्न नंतरचा. हत्यारबंद गारद्यांना राजवाड्यात घुसायला सांगून रक्त सांडणार नाही असं मानणं, हीच गफलत. अटकेपर्यंत फौज नेणाऱ्या माणसाला सैनिक कसे वागतात हे माहीत नव्हतं असं कसं म्हणणार?

परीक्षेत या विषयावर उत्तर कसं लिहू?

व्याख्या दोन ओळींत संपवा. मग एक प्रवेश निवडा, त्यात नायकासमोर कोणते पर्याय होते, त्याने कोणता निवडला आणि त्याला तो बरोबर का वाटला, एवढं लिहा. चार नाटकांची नावं टाकण्यापेक्षा एक रुमाल नीट सांगितलेला बरा.

नायकाचं काम करतोय. चूक करतानाचा प्रवेश कसा उभा करू?

बरोबर करतोय असं समजून. नटाला शेवट माहीत असतो, आणि तो नकळत पहिल्या अंकापासून चेहऱ्यावर येतो. अप्पा मिळकत वाटताना डोळे ओले करून बसले तर नाटक तिथेच संपलं. तो दिवस त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा आहे, तसाच करा. लिअर केंटला हाकलतो तेव्हा त्याला पूर्ण खात्री असू द्या की हा उद्धटपणा आहे आणि राजाने तो सहन करायचा नसतो. आणि समोर केंट, हेमॉन, कावेरी करणाऱ्यांनी प्रेक्षकांकडे पाहून शहाणपणा वाटू नये. समोरच्या माणसाला खरोखर वाचवायचा प्रयत्न करावा.

आम्ही 'अँटिगनी' बसवतोय, वेळ कमी आहे. काय कापू, आणि काय अजिबात कापू नको?

आधी हे ठरवा की पडतं कोण. अँटिगनी काय करतेय आणि त्याची किंमत काय, हे तिला पहिल्या प्रवेशापासून ठाऊक आहे. ती चुकत नाही, ती निवडते. आकलन चुकतं क्रेऑनचं. भावाला मूठमाती देणं हा त्याच्या लेखी राजद्रोह, बस्स.

समूहगीतं कमी केलीत तरी चालतील. साईखेडकरसारख्या नाट्यगृहात मोठा कोरस हलवणं तसंही जिकिरीचं होतं. पहारेकऱ्याचं बोलणं थोडं छाटता येईल. हेमॉनचा प्रवेश मात्र पूर्ण ठेवा, कारण मुलगा बापाशी सुरुवातीला किती अदबीने बोलतो हे दिसलं तरच पुढचा भडका समजतो.

आणि दूताच्या निवेदनातला क्रम कापू नका. टायरेसियस शाप देऊन गेल्यावर क्रेऑन शेवटी हबकतो आणि गावातल्या वृद्धांना विचारतो, काय करू? ते स्पष्ट सांगतात: आधी जाऊन गुहेत कोंडलेल्या मुलीला सोडव, आणि मग उघड्यावर टाकलेल्या मृताचं थडगं बांध. क्रेऑन निघतो, आणि दूत येऊन सांगतो त्यात क्रम उलटलेला असतो. ते आधी अँटिगनीचा भाऊ पॉलिनायसीस याच्या प्रेताकडे गेले, त्याला आंघोळ घातली, दहन केलं, माती रचली, आणि त्यानंतर गुहेकडे वळले. तोवर अँटिगनीने गळफास घेतला होता. हेमॉन बापावर तलवार उगारतो, वार चुकतो, मग ती स्वतःच्या पोटात खुपसतो. घरी क्रेऑनची बायको युरिडिसी हे ऐकून जीव देते.

चूक कळली, मान्यही केली, दुरुस्त करायला धावलाही, आणि तेव्हासुद्धा त्याने जिवंत मुलीच्या आधी मेलेल्याचा मान पाहिला. दूताचं काम करणाऱ्याने या ओळी घाईत उरकू नयेत. कोरसमधल्या वृद्धांनी 'आधी मुलगी' हे शब्द ठासून म्हणावेत, म्हणजे दूत प्रेताचं आधी सांगू लागताच प्रेक्षकांच्या ते ध्यानात येईल. प्रकाशयोजना, संगीत, नेपथ्य यांपैकी काहीही यापुढे दुय्यम आहे. तालमीचा जास्तीचा वेळ असेल तर तो या दोन जागांवर घालवा.